काचेखालचं पान

आई, जेवणाच्या टेबलावरची काच अजून तीच आहे. कोपऱ्यातला टवका तोच, त्यावर बाबा लावतात ती चिकटपट्टी तेवढी दर दिवाळीला नवी होते. काचेखाली माझा चौथीतला डोळे मिटलेला फोटो आहे, स्टुडिओवाल्यानं दुसरा काढून द्यायला नकार दिला होता तो. किराणावाल्याचं चिमुकलं कॅलेंडर आहे, त्यातलं वर्ष कधीच संपलं. तुझ्या कॉलेजच्या ओळखपत्राचा फोटो आहे. आणि त्याच्या शेजारी आता एक रिकामी जागा आहे, पानाच्या आकाराची. खाली अंथरलेला कागद सगळीकडे पिवळा पडलाय आणि तेवढाच भाग पांढरा राहिलाय, देठासकट. पान उचललंय हे त्या कागदाला अजून कळलेलंच नाही.

सकाळी पोहे खायला बसलो की माझी बशी आपोआप त्या जागेवरून बाजूला सरकते. बाबा बघतात. तुला माहीत आहेत ते, बोलायचं नसलं की शेव मागतात. "शेव दे जरा." शेव त्यांच्याच हातापाशी असते.

मला हे तुला सांगायचं आहे, पान कुठं गेलं ते. खरं तर मी ह्याची गोष्ट लिहायला बसलो होतो. मी लिहितो, हे तुला माहीत असायचं कारण नाही, तू गेल्यावर सुरू झालं. दिवसा मकरपुऱ्यात एका कारखान्यासाठी पंपांची माहितीपत्रकं लिहितो आणि उरलेल्या वेळात असल्या गोष्टी, ज्यात पात्रं नसतात, किंवा असली तर भिंतीबिंती असतात. बाबा म्हणतात, "तुझं पंपाचं पुस्तक वाचलं, छान आहे, त्यात निदान पाणी येतं." ह्या वेळी म्हटलं झाडाकडूनच वदवून घेऊ. तीनदा सुरुवात केली. तिन्ही वेळा झाड तुझ्यासारखं बोलायला लागलं. मग सोडून दिलं, म्हटलं सरळ तुलाच लिहावं.

ते पान आणलं तो दिवस मला कितीही वेळा आठवला तरी त्यात ऊन सारखंच असतं. मी सातवीत असेन. रविवार आहे. बाबांची स्कूटर तू चालवत्येस, मी मागे, आणि माझ्या मांडीवर तुझी ती प्रेस, म्हणजे दोन लाकडी जाळ्या, मध्ये रद्दीची चळत, वरून कॅनव्हासचे पट्टे. सुभानपुऱ्यातून निघून कोयली आली, रिफायनरीची ज्योत दिसायला लागली की तू हॉर्न वाजवतेस. बाबांना ऐकू जावा म्हणून. आत, भिंतीपलीकडे, इतक्या मोठ्या धडधडाटात शिफ्टवर असलेल्या माणसाला! घरी आले की तू विचारायचीस, ऐकू आला का, आणि ते गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "हो, साहेबांनी विचारलं सुद्धा, कोण आहे म्हणून."

कोयलीच्या पुढे मही नदीच्या कोतरांत, म्हणजे घळींत, उतरणारा एक ओढा होता. ओढ्याच्या दोन्ही काठांना अर्जुनाची जुनी झाडं. मी स्कूटरवरून उडी मारून खाली पडलेलं एक पान उचललं आणि ओरडलो, "अर्जुन!" तुला खूश करायला. मला वाटलं तू हसशील. तू हेल्मेट काढलंस, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "कशावरून?"

"पानावरून."

"एका पानावरून?"

"हो."

"तोंड मिट आधी," तू म्हणालीस. "एका पानावरून बोलणारी माणसं माझ्या बॉटनीच्या डिपार्टमेंटात ढिगानं आहेत, घरात नकोत. साल बघ. फळ बघ. मग शेजारच्या झाडाचं बघ. मग परत ह्याच्याकडे ये. आणि एवढं सगळं करून झाल्यावर पहिल्यांदा काय म्हणायचं?"

मी पान पाठीमागे लपवलं.

"म्हणायचं, मला माहीत नाही. म्हण."

मी म्हटलं. रडत म्हटलं. जवळच म्हशी धुणारा एक माणूस आपल्याकडे बघत होता, तो म्हणाला, "बेन, छोकराने मारो नहीं, रविवार छे." तू त्याच्याकडे बघून हसलीस, माझ्याकडे बघून नाही.

मग तू माझा हात धरून तो खोडावर ठेवलास. अर्जुनाची साल फिकट असते, गुळगुळीत, पापुद्रे सुटतात तिचे. ह्या झाडाची वर तशीच होती. पण बुंध्यापाशी ती काळी होती, चौकोनी भेगा पडलेली, विश्वामित्री नदीतल्या मगरीच्या पाठीसारखी. अशी साल ऐनाची असते, अर्जुनाच्या भावकीतल्या झाडाची, तू म्हणालीस. मग एक वाळलेलं फळ उचललंस, पाच पंखांचं, आणि सूर्यासमोर धरलंस. अर्जुनाच्या फळाच्या पंखात बारीक शिरा तिरक्या वर जातात. ऐनाच्या आडव्या, थेट काठापर्यंत. "कशा आहेत?" मी नीट बघितलं. आडव्या होत्या. सगळ्या नाही, पण बऱ्याच. तू पुढच्या झाडाकडे गेलीस, त्याच्या पुढच्या. प्रत्येकाचं फळ सूर्यासमोर धरत. मग ओढ्याच्या मधोमध दगडावर उभी राहिलीस आणि माझ्याशी नाही, कुणाशीच नाही, अशी म्हणालीस, "इथे ऐन होता."

"कुठंय?"

"नाहीये. होता."

"कधी?"

"फार पूर्वी. माणसं यायच्या आधी असेल."

"मग तुला कसं कळलं?"

"ह्यांनी सांगितलं," तू म्हणालीस आणि काठावरच्या झाडांकडे मान हलवलीस. मी मागे वळून बघितलं. म्हशी धुणारा गेला होता. कोतरात कुणी नव्हतं. आई, मला तेव्हा जी भीती वाटली ती अजून गेलेली नाही. जी झाडं नाहीत ती असलेल्या झाडांच्या आतून बघतायत असं काहीतरी. भर दुपारी, घामानं शर्ट चिकटलेला असताना.

मी उचललेलं पान तू फेकलं नाहीस. घरी आणून गादीखाली दाबलंस. बाबा आठवडाभर कुरकुरत होते, "माझ्या पाठीखाली जंगल आहे." आणि मग एक दिवस टेबलाची काच उचलून ते पान तू माझ्या बशीसमोर ठेवलंस. "रोज खाताना बघ. आणि रोज म्हण." मला ती शिक्षा वाटली. बक्षीस होतं हे कळायला किती वर्षं गेली.

बाकीचा सगळा माल कॉलेजात जायचा. तुझ्या हर्बेरियममध्ये, त्या लांब अंधाऱ्या खोलीत, जिथे कपाटांमधून कागदावर चिकटवलेली मेलेली झाडं ठेवलेली असायची. मला त्या खोलीचा वास आवडायचा आणि तू मला आत येऊ द्यायची नाहीस, कारण विष. किडा लागू नये म्हणून प्रत्येक नमुना पाऱ्याच्या औषधात बुडवायचा, मग वाळवायचा, मग चिकटवायचा. तुम्ही सगळे त्याला सरळ विष लावणं म्हणायचात. शेजारच्या मासी एकदा वाटी मागायला आल्या, "मम्मी क्यां?" आणि मी दारातूनच सांगितलं, आई विष लावायला गेलीय, उशीर होईल. मासींच्या हातातली वाटी पडली. तू आल्यावर त्या तुझा हात धरून रडल्याच, "एवुं शुं दुःख छे तने?" तू त्यांना समजावत होतीस तुझ्या त्या गुजरातीत, जी शेवटपर्यंत आपल्याच तालावर चालली. रिक्षावाल्याला तू "थांबो" म्हणायचीस. आणि तो थांबायचा.

विष लावण्यात तुझा हात धरणारं कुणी नव्हतं, असं सगळे म्हणतात. इतर लोक वरवर ब्रश फिरवायचे. तू बुडवायचीस, उलटून परत बुडवायचीस, पानाच्या बेचक्यात थेंब सोडायचीस. हातमोजे घातले की पाकळी फाटते म्हणून घालायची नाहीस. तुझे ते सर, डिपार्टमेंटचे मोठे, घरी चहाला आले तेव्हा तेही म्हणाले, बेनचे नमुने शंभर वर्षं टिकतील. आणि त्याच चहावर तू ओढ्याच्या झाडांचा विषय काढलास. ही झाडं दिसायला अर्जुन आहेत पण ह्यांच्या पूर्वजांत ऐन आहे, कधीकाळी संकर झालाय, मला लिहायचं आहे त्यावर. ते हसले. वाईट नाही हसले, मला आठवतं, आपलेपणानं हसले. "बेन, अर्जुनमां एटलो फरक तो होय ज. तमने झाडमां भूत देखाय छे." तूही हसलीस. त्यांच्या दुसऱ्या चहात साखर घालायला विसरलीस. बाबा म्हणतात विसरली नव्हती.

पण तू लिहिलं नाहीस. फळं आणि सालीवरून ते सिद्ध होत नव्हतं आणि तू एका पानावरून बोलणारी नव्हतीस. दर वर्षी जाऊन नमुने आणायचीस, विष लावायचीस, कपाटात ठेवायचीस. कशाची तरी वाट बघत असल्यासारखी.

मी एफवायला तुझ्याच वर्गात आलो तेव्हा तुझे पाय सुजायला लागले होते. घरात केबल आली होती, बाबांनी हौसेनं मोठा टीव्ही घेतला होता, आणि तू त्याच्यासमोर स्टुलावर पाय ठेवून बसायचीस, आवाज बंद करून. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय काम करता? तू म्हणालीस, "शिकवते." मी तुझ्या बोटांकडे बघत होतो. नखांकडे. तू माझ्याकडे बघितलंस आणि मान अगदी थोडी हलवलीस, नको. कशाला नको ते मला नीट कळलंही नाही. किडन्या गेल्या त्या कशानं गेल्या हे कुणी सांगितलं नाही आणि आता कुणाला विचारायचं? तुझ्याबरोबरचे बाकीचे ठणठणीत आहेत, त्यांच्यातले दोघं सकाळी बागेतल्या हास्यक्लबात हातवारे करत हसतात. पण ते वरवर ब्रश फिरवणारे.

शेवटच्या आठवड्यात तू मला दोनच गोष्टी बोललीस ज्या मला लागतात. एक म्हणजे, चहा पिऊन घे. आणि एक म्हणजे, "फळं धरली असतील आता." ओढ्यावरची. मी म्हटलं, जातो. तू गेल्यावर बऱ्याच दिवसांनी खरंच गेलो, त्याच स्कूटरवर, आणि कोयलीला हॉर्न वाजवला. का वाजवला माहीत नाही, बाबा त्या दिवशी घरी होते. ओढा नव्हता. सपाट केला होता, वर मुरूम पसरलेला, निळ्या पत्र्यांची गोडाऊनं उभी राहत होती आणि ट्रक मागे घेणारा एक माणूस "आवा दो, आवा दो" ओरडत होता. खुंटसुद्धा नव्हते. मी त्याला विचारलं, इथे झाडं होती ना? तो म्हणाला, "क्यां?" आणि खरोखर आजूबाजूला बघायला लागला.

तेव्हापासून आपल्या घरात काहीतरी आहे, आई. भूत म्हणवत नाही. बाबा अजून वर्तमानपत्र लगेच पस्तीवाल्याला, रद्दीवाल्याला, देत नाहीत. वाचून झालं की घडी घालून गॅलरीतल्या लोखंडी पेटीवर ठेवतात, जिथून तू प्रेससाठी घ्यायचीस. आठवडा गेला की मगच देतात. तू असताना रोज ओरडायचे, "माझा कालचा पेपर कुठंय?" आणि तू आतून, "झाडांखाली." आता कुणी घेत नाही तरी जागा तीच. एकदा मी ती चळत उचलली तर म्हणाले, "असू दे, ओली लागत नाही ती." म्हणजे काय, त्यांनाही माहीत नसेल.

आता पान कुठं गेलं ते. माझा एक मित्र आहे, तू त्याला ओळखतेस, एफवायला माझ्या शेजारी बसायचा तो, पेन चघळणारा. मी पदवी घेऊन पळालो, तो टिकला. आता झाडांच्या जनुकांवर काम करतो, त्याची स्वतःची छोटी लॅब आहे, फ्रिजवर देवीचा फोटो आहे आणि आत एंझाइम. मला लेखकसाहेब म्हणतो. तो गुजरातीत बोलतो, मी तुला आपल्या भाषेत सांगतो. यंदा सेवउसळ खाताना त्यानं सहज विचारलं, "बेनचा तो ऐन सापडला का कधी?" मी चमचा खाली ठेवला. मला वाटलं होतं हे फक्त मला आठवतं. तो म्हणाला, "आता सापडू शकतो. झाडं पडली तरी चालतंय. पान पाहिजे."

त्यानं उसळीच्या बशीत बोट फिरवून मला समजावलं. पानात जे हिरवे कण असतात, हरितलवक, त्यांची स्वतःची थोडी वेगळी जनुकं असतात. ती ह्या झाडांत बीजातून येतात, परागातून नाही. म्हणजे फक्त आईकडून. समज, फार पूर्वी त्या ओढ्यावर ऐन होता. त्याच्या फुलावर अर्जुनाचा पराग पडला. पोर झालं अर्धं अर्धं. पुढे पाऊसपाणी बदललं, ऐन तिथून हटत हटत नाहीसा झाला, त्या पोरावर परत अर्जुनाचाच पराग, त्याच्या पोरावर परत अर्जुनाचा. हजारो वर्षं. शेवटी झाड दिसायला अर्जुन, सावली अर्जुनाची, लाकूड अर्जुनाचं. पण प्रत्येक पानातला तो हिरवा कण अजून ऐनाचा. आईकडून पोरीला, पोरीकडून तिच्या पोरीला, तसाच्या तसा. "त्या जनुकांचा एक तुकडा एंझाइमनं कापून बघायचा. अर्जुनात तो कापला जात नाही, जेलीत एक पट्टी दिसते. ऐनात कापला जातो, दोन दिसतात. बेनचं पान टाकू. एक का दोन, संपला विषय."

मी घरी आलो आणि आरशात बघितलं, हसू नकोस. सगळे म्हणतात मी पूर्ण बाबांवर गेलोय. नाक, चाल, चिडल्यावर शेव मागणं. मित्राला विचारलं होतं, माणसात पण असतं का असलं काही? म्हणाला, असतं की, तेही आईकडूनच येतं, मुलात येतं पण मुलाकडून पुढे जात नाही. त्यानं हे सहज सांगितलं, तोंडात पाव असताना. म्हणजे तुझा जो धागा आहे तो इथे, मकरपुऱ्याच्या बसमध्ये बसून, पंपांवर लिहितो आणि मग थांबतो.

आधी आम्ही तुझे नमुने काढले. हर्बेरियमची खोली आता दुसऱ्याच कशाला तरी दिलीय, कपाटं जिन्याखाली आहेत. पण नमुने तसेच, आई, काल चिकटवल्यासारखे. तुझं तिरकं अक्षर, ओढ्याचं नाव, आणि प्रत्येकावर कोपऱ्यात विष लावल्याचा शिक्का. एकही किडा नाही. शेजारच्या कपाटातल्या इतरांच्या नमुन्यांची चाळण झालेली. मित्रानं परवानगी घेऊन प्रत्येकातला नखाएवढा तुकडा घेतला. काहीच आलं नाही. परत केलं. काहीच नाही. पट्टीच्या जागी काळं. तो डोकं खाजवत बसला, मग हळूच म्हणाला, "बेननं फार नीट लावलंय." ज्या पाऱ्यानं किडा लागू दिला नाही त्यानंच आतली जनुकं मोडून टाकलेली. ब्रश फिरवणाऱ्यांच्या नमुन्यांतून कदाचित काही निघालं असतं, पण त्यांनी ती झाडं कधी आणलीच नव्हती.

"विष न लावलेलं एखादं?" त्यानं विचारलं. आणि त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर काचेवरची पोह्यांची बशी आली.

काच उचलायला दोन माणसं लागतात. बाबा म्हणाले, "हात लावू नकोस, फुटेल. तिनं घातलेली काच आहे."

"पान पाहिजे."

"कशाला?"

"टेस्ट करायचीय."

"मेलेल्या पानाची?" बाबांनी चष्मा काढला. "तुझ्या आईच्या टेस्टा करून करून माझे खिसे रिपोर्टांनी भरलेले असायचे. प्रत्येकात काहीतरी निघायचं. एकानंही ती परत आली नाही."

मी त्यांना ओढा सांगितला, ऐन सांगितला, सरांचं हसणं सांगितलं. त्यांना सगळं माहीत होतं. मी बोलत असतानाच ते उठले आणि काचेची पलीकडची बाजू धरली. "एक, दोन म्हण," म्हणाले. काच उचलली तेव्हा खालून इतक्या वर्षांचा वास आला, हळदीचा, रद्दीचा. पान तपकिरी झालं होतं, पण आख्खं. देठाच्या वरती त्या दोन बारीक गाठी, तू मला भिंगातून दाखवलेल्या, जशाच्या तशा.

दळायचं म्हणजे पान संपवायचं असतं, हे मला मित्रानं आधी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल. तो म्हणाला, जुनं आहे, अर्धं तरी लागेल. कात्रीनं मधल्या शिरेवरून कापलं, मी खिडकीबाहेर बघत होतो. छोटा खलबत्ता, त्यात धूर सोडणारा थंडगार नायट्रोजन, आणि पानाचा आवाज झाला, चुर्र, भाजलेल्या पापडासारखा.  तू उचलून दाबलेली गोष्ट, तुझ्या बोटांनी सरळ केलेल्या कडा. मग साबणासारखं काहीतरी, घाण वास, गरम पाणी, बरण्याच बरण्या. पानात कषाय, म्हणजे तुरट द्रव्य, फार, सगळं चहाच्या चोथ्यासारखं लाल झालं, त्यानं शिव्या दिल्या. शेवटी अल्कोहोल ओतल्यावर नळीत तरंगलं एक, धुक्याचा दोरा म्हण. "हे बघ," तो म्हणाला. मी बघितलं. बाहीनं डोळे पुसून परत बघितलं. तो म्हणाला, "रड की, लेखक आहेस, चालतंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं मला बोलावलं. निळसर दिव्यावर जेलीची पातळ वडी ठेवली होती, तिच्यात प्रत्येक नमुन्याचा एक खाना. एका खान्यात जांबुघोड्याच्या जंगलातून आणलेला ऐन, दोन पट्ट्या. एका खान्यात रस्त्यावरचा अर्जुन, एक पट्टी. मधल्या खान्यात तुझं पान. दोन होत्या, आई. फिकट, श्वास लागला तर पुसल्या जातील इतक्या, पण दोन. मी हसायलाच लागलो. म्हटलं, सरांना फोन करू, साखर घालून चहा पाजू. मित्र हसत नव्हता. तो अगदी कडेच्या खान्याकडे बघत होता. तिथे फक्त पाणी टाकलं होतं. तिथे काही दिसायला नको. तिथेही, त्याच उंचीवर, दोन सावल्या होत्या.

"म्हणजे?"

"म्हणजे ऐन ह्या खोलीत आहे," तो म्हणाला. "मी त्याच दिवशी जंगलातला ऐन उघडला होता ना. त्याचा कण उडाला असेल. पाण्यात पडला, तर तुझ्या पानात पण पडला असेल. किंवा तुझ्या पानातला खरा आहे आणि पाण्यातला उडालेला. सांगता येत नाही."

"पण दोन आहेत."

"एकदा आल्या. दुसऱ्या जागी, सगळं धुऊन, नव्यानं करायला लागेल. परत आल्या तर आल्या." त्यानं दिवा बंद केला. "एका पानावरून बोलायचं नाही, बेन म्हणायच्या. इथे तर अर्ध्या पानावरून चाललंय. उरलेलं अर्धं दे, महिन्याभरात सांगतो."

तुझ्या नियमानं तोच बरोबर होता. तू असतीस तर माझ्या हातातून हिसकावून त्याला दिलं असतंस, वर मला बोलली असतीस. मला कळत होतं. उरलेलं दिलं तर कदाचित तुझं म्हणणं खरं ठरेल, कुठंतरी छापून येईल की त्या ओढ्यावर ऐन होता, एका बाईनं फळं सूर्यासमोर धरून ते ओळखलं होतं. ज्याची तू वाट बघत होतीस ते. आणि टेबलावर काहीच उरणार नाही. नाही दिलं तर तू कायम झाडांत भुतं बघणारी बाई. मी उरलेल्या अर्ध्या पानाचं पाकीट खिशात घालून घरी आलो. आठवडाभर त्याचे फोन घेतले नाहीत. मग गेलो. दारातूनच त्याला सांगितलं, "पान संपलं. माझ्याकडून चुरा झाला त्याचा."

त्यानं माझ्या खिशाकडे बघितलं. पेन चघळत होता, अजून चघळतो. मग उठला, कपाटातून एक जाळीदार पुडी काढली, आत निळे खडे, आणि माझ्या खिशात घातली. "चुरा झालेलं पान कोरड्या जागी ठेव," म्हणाला. "दमट हवा लागू देऊ नकोस. निळे खडे गुलाबी व्हायला लागले तर समज ओल शिरली, पुडी बदलून घेऊन जा. आणि लेखकसाहेब, पुढल्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, कधीही विचार बदलला तर मी इथेच आहे. अर्ध्या चुऱ्यातूनही निघतं."

पान परत काचेखाली ठेवलं नाही. दाबानं आता तुटेल. त्या पुडीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात आहे, तुझ्या लवंगांच्या, तो पितळी. बाबांना दाखवलं. त्यांनी झाकण लावून दोनदा दाबून बघितलं आणि म्हणाले, "आता उघडायचा नाही हा." मी हो म्हटलं.

हे तुला कुठं पाठवणार! गॅलरीत पेटीवर आजचा पेपर आहे, त्याच्या घडीत ठेवीन, आठवड्यानं जाईल जिथे जातो तिथे. फक्त एवढंच. पुडीतले खडे त्यानं दिवाळीला दिले तेव्हा गडद निळे होते. अजून थंडी संपली नाही, हवा कोरडी खट्ट आहे, ओठ फुटतात. आणि ते गुलाबी झालेत, सगळे. मित्राकडे नवी पुडी मागायला जायची लाज वाटते मला, कारण तो विचारेल, झाकण सैल आहे का?

झाकण घट्ट आहे, आई. मी रोज उघडतो, तोंडापाशी धरतो. आणि रोज म्हणतो.